थांबा आहे म्हणजे गाव असणार

भिंतीवर तळहात टेकवून आण्णा म्हणाले, "ही तर भेंड्याचीच की गं."

ओसरीच्या टोकाला गिलाव्याचा एक टवका उडाला होता. आत उन्हात वाळवलेली मातीची वीट दिसत होती आणि तिच्यात रुतलेल्या गवताच्या काड्या. आण्णांनी त्यातली एक काडी नखानं हलवून पाहिली. ती जागची हलली नाही. "चिखल नीट तुडवलाय," ते म्हणाले. करमाळ्याकडच्या आमच्या जुन्या घराला अशाच भिंती होत्या, हातभर रुंद. वैशाखात दुपारी त्या भिंतीला पाठ लावून बसलं की अंगावरचा घाम गार व्हायचा. आण्णांना माझ्याकडे येऊन सव्वा महिना झाला होता, तरी इथल्या घरांवर त्यांचा विश्वास बसलेला नव्हता. आमच्या घराची भिंत ते बोटानं वाजवून बघायचे आणि काही न बोलता बाजूला व्हायचे. इथं मात्र त्यांनी हात काढला नाही.

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरापासून ईशान्येला, गाडीनं दीड-पावणेदोन तासांवर, डोंगरांच्या मधे एक मोठं कुरण आहे. एप्रिल होता, गवत अजून हिरवं होतं, ओकची झाडं एकेकटी उभी होती आणि लांबवर गाई चरत होत्या. या कुरणाच्या कडेला, सॅन फेलिपे रस्त्यावर, हे बसकं मातीचं घर आहे. नाव वॉर्नर-कारिय्यो रँच हाउस. आण्णांना मी इथं आणलं ते भिंती दाखवायला नव्हे. आण्णा बत्तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते, आणि हे घर म्हणजे १८५८ ते १८६१ या काळात मिसूरीपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत धावणाऱ्या टपाल-घोडागाडीचा एक थांबा.

इंग्रजीतल्या 'स्टेजकोच'ला आपण नुसतं घोडागाडी म्हणतो, पण तसं म्हटलं की त्यातली स्टेज हरवते. स्टेज म्हणजे टप्पा. एका दमात घोडी जेवढी पळतील तेवढं अंतर, मग घोडी बदलायची आणि पुढचा टप्पा. आण्णांना हे समजावून सांगावं लागलं नाही. सरकारदरबारी एस.टी.ची गाडी आजही 'टप्पा वाहतूक'च आहे. सहा किलोमीटरचा एक टप्पा आणि टप्प्यांवर भाडं. "मग ही टप्पा गाडीच झाली," ते म्हणाले आणि ओसरीवर बसले.

या जागेचं महत्त्व समजायला आधी इथे येणारा रस्ता समजायला हवा. पूर्वेकडून येणारा माणूस युमाजवळ कोलोरॅडो नदी ओलांडायचा आणि वाळवंटात शिरायचा. वाळूच्या टेकड्या चुकवण्यासाठी वाट दक्षिणेला मेक्सिकोच्या हद्दीत उतरायची आणि पुन्हा वर यायची. पाणी जिथं मिळायचं तिथं ते बहुधा खारट असायचं. मग कॅरिझोचा ओढा, मग वायेसितो, जिथं पहिल्यांदा थोडंफार गवत दिसायचं. पुढे बॉक्स कॅनियनची अरुंद घळ. १८४७ च्या जानेवारीत मॉर्मन बटालियन नावाच्या पलटणीनं कुऱ्हाडींनी तिचे कातळ फोडून गाड्या जाण्यापुरती वाट केली. त्यानंतर सॅन फेलिपेची दरी, आणि ती चढून वर आलं की एकदम हे कुरण. हिरवं गवत, वाहतं गोडं पाणी, सावली. कित्येक आठवडे तहानलेली माणसं आणि जनावरं इथं पोचायची तेव्हा त्यांना काय वाटत असेल, याचा एक चांगला पुरावा आहे. १८४६ च्या डिसेंबरात जनरल कर्नीचं अमेरिकी सैन्य मेक्सिकोशी लढायला याच वाटेनं आलं. त्यांच्यातला एक अधिकारी, एमरी, यानं अहवालात नोंदवून ठेवलंय की त्याच्या सात माणसांनी इथं एका बैठकीत एक अख्खी, पुरती वाढलेली, माजलेली मेंढी संपवली.

सैन्य आलं तेव्हा रँचचा मालक वॉर्नर घरी नव्हता. अमेरिकी लोकांनीच त्याला सॅन डिएगोत अडकवून ठेवलं होतं. हा गडी मूळचा कनेटिकटचा, १८०७ चा जन्म, नाव जोनाथन ट्रंबल वॉर्नर. १८३१ साली तो व्यापारी तांड्याबरोबर पश्चिमेला निघाला आणि त्या वर्षाअखेरीस लॉस एंजेलिसला पोचला. कॅलिफोर्निया तेव्हा मेक्सिकोत होता. वॉर्नर मेक्सिकोचा नागरिक झाला, कॅथलिक झाला, हुआन होसे वॉर्नर झाला. सव्वासहा फूट उंच, म्हणून लोक त्याला 'हुआन लार्गो', म्हणजे लांबडा हुआन म्हणायचे. १८४४ मध्ये गव्हर्नरनं त्याला हे खोरं इनाम दिलं. पुढे अमेरिकेनं पक्का कागद करून दिला तेव्हा त्याच्या नावावरची जमीन भरली २६ हजार एकरांहून जास्त. १८४९ ला सोन्याच्या मागं हजारो माणसं या वाटेनं लोटली आणि वॉर्नरचं दुकान म्हणजे वाळवंट संपल्यावरचं पहिलं दुकान झालं.

माहिती सांगणाऱ्या स्वयंसेवक आजींनी इथं एक दुरुस्ती केली, जी मला फार आवडली. कित्येक दशकं सगळे धरून चालले होते की हे घर वॉर्नरनं बांधलं. १९६१ मध्ये त्याला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला, तोही याच समजुतीवर. पुढे अभ्यासकांनी कागद आणि जमीन दोन्ही तपासली तेव्हा कळलं की हे घर १८५७ चं आहे, आणि ते बांधलं दोन्या विसेंता सेपुल्वेदा दे कारिय्यो या बाईनं. पहिला नवरा तोमास योर्बा १८४५ मध्ये वारल्यावर तिनं त्याचा मोठा रँच एकटीनं सांभाळला होता. नंतर रामोन कारिय्योशी लग्न केलं आणि पोराबाळांचं मोठं खटलं आणि गुरांचे कळप घेऊन ती इथं आली. घर उभं केलं. वर्षभरात दारातून टपालाची गाडी जायला लागली. १८६४ मध्ये रामोनला कुणीतरी गोळ्या घातल्या, त्यानंतरही ती काही वर्षं इथंच राहिली. आता पाटीवर तिचं आडनाव वॉर्नरच्या आडनावाशेजारी आहे. आधी कित्येक वर्षं ते नव्हतं.

आण्णांनी हे सगळं ऐकून घेतलं, पण त्यांचं लक्ष गाडीत होतं. "चालवणारा आणि कंडक्टर वेगळे का एकच?"

वेगळे. हे मी घरूनच वाचून आले होते, याच प्रश्नाची वाट बघत. जॉन बटरफील्ड या न्यूयॉर्क राज्यातल्या गाडीवाल्यानं १८५७ मध्ये सरकारशी करार केला. आठवड्यातून दोनदा टपाल न्यायचं, २५ दिवसांच्या आत पोचवायचं, वर्षाला सहा लाख डॉलर घ्यायचे. सेंट लुईसपासून टिप्टनपर्यंत रेल्वे होती, पुढे सुमारे ४,५०० किलोमीटर मार्ग, त्यावर सुरुवातीला १४० च्या आसपास ठाणी. हाकणारा ठरावीक पट्ट्यात हाकायचा आणि उतरायचा. कंडक्टरचा पट्टा त्याहून लांब, आणि टपालाची व उतारूंची सगळी जबाबदारी त्याच्यावर. कंपनीनं छापलेल्या सूचनांत कंडक्टरला बजावलं होतं की टपालावरून क्षणभरही नजर हलवायची नाही, थैल्या भिजू द्यायच्या नाहीत. प्रत्येक उतारूची नोंद वेबिलावर, म्हणजे गाडीबरोबरच्या नोंदपत्रकावर, करायची. मधल्या अंतराचं भाडं मैलाला दहा सेंट.

"वेबिल?" आण्णा म्हणाले. "वेबिलच म्हणायचे?"

"वेबिलच."

ते हसले नाहीत. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट त्यांनी नकळत दोनदा जुळवलं, पंच दाबल्यासारखं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तिकिटांचा ट्रे जाऊन मशीन आलं, तरी बोटांची ती सवय गेलेली नाही. मग त्यांनी मला त्यांच्या मुक्कामी गाडीचं सांगितलं. टपालाची थैली सीलबंद असायची, ती त्यांच्या सीटखाली. पावसाळ्यात एकदा ओढ्याला पाणी आलं, गाडी अलीकडेच थांबवावी लागली. उतारू जवळच्या वस्तीवर गेले, ड्रायव्हर टपावर झोपला, आण्णा रात्रभर थैलीवर पाय ठेवून बसले. हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण ते या ओसरीवर, या रस्त्याकडे तोंड करून सांगताना ऐकलं तेव्हा मला ती थैली पहिल्यांदाच खरोखर दिसली. तिच्यात कुणाची मनीऑर्डर असेल, कुणाच्या बदलीचा हुकूम असेल. त्या एका रात्री सगळ्या गावाचं असं काहीतरी माझ्या वडिलांच्या पायाखाली होतं.

पहिली पश्चिमेची गाडी १६ सप्टेंबर १८५८ ला निघाली. तिच्यात शेवटपर्यंत गेलेला उतारू एकच, वॉटरमन ऑर्म्सबी नावाचा २३ वर्षांचा बातमीदार. १० ऑक्टोबरच्या सकाळी तो सॅन फ्रान्सिस्कोत उतरला. सेंट लुईसहून निघाल्यापासून चोवीस दिवसही पुरते झाले नव्हते. गाडी रात्रंदिवस चालायची, मुक्काम नाही. झोप आली तर बसल्या बसल्या. थांबा घोडी बदलण्यापुरता आणि पोटात काहीतरी ढकलण्यापुरता. भाकरीवजा पाव, घेवडे, खारवलेलं डुकराचं मांस, काळी कॉफी, आणि त्याचे पैसे वेगळे. पूर्ण प्रवासाचं भाडं सुरुवातीला २०० डॉलर, बरोबर ४० पौंडांचं सामान.

आण्णांना घोडी कुठं बांधायचे ते बघायचं होतं. मागच्या बाजूला लाकडी कोठार आहे, तिकडे ते जाऊन आले. गाडी यायच्या आधी ताजी घोडी साज घालून तयार ठेवायची असा कंपनीचा हुकूम होता, हे मी सांगितलं तेव्हा त्यांना पटलं. लेट गाडीची वेळ डेपोत भरून निघते, रस्त्यावर नाही, असं ते म्हणायचे. मग ओसरीवर परत येऊन त्यांनी चहूकडे नजर फिरवली. डोंगर, गवत, तारेचं कुंपण, रस्ता. जवळपास दुसरं घर दिसत नव्हतं.

"गाव कुठंय?"

मी म्हटलं, गाव असं काही नव्हतं, रँचच होता.

"असं कसं? थांबा आहे म्हणजे गाव असणार. पाणी हाय, गवत हाय. इथं आधीपासनं कुणीतरी राहतच असणार. मोकळ्या रानात कोण थांबा देतंय?"

मी त्या आजींना विचारलं. त्यांनी उत्तरेकडे हात केला. हमरस्त्यानं सात-आठ किलोमीटर वर, त्या म्हणाल्या, उन्हाळी झऱ्यांपाशी. आपल्याकडे गरम पाण्याच्या झऱ्याला उन्हाळं म्हणतात, तेच. गावाचं नाव कूपा.

कुपेन्यो लोकांचं ते गाव. स्पॅनिश लोकांनी त्याला आग्वा काल्येंते, गरम पाणी, असं सरळ नाव ठेवलं. गंधकाचं वाफाळतं पाणी जमिनीतून वर येतं, आणि त्याच्या भोवती हे लोक पिढ्यानपिढ्या राहत होते. ही माणसं संख्येनं कायम थोडी. त्यांची भाषा शेजारच्या काविया आणि लुइसेन्यो लोकांच्या भाषांची सख्खी बहीण, तरी वेगळी. वॉर्नरला १८४४ मध्ये जे खोरं इनाम मिळालं त्यात हे गाव होतं. गाव होतं, घरं होती, मळे होते, मसणवट होती, आणि ते सगळं एका कागदानं दुसऱ्याचं झालं. मेंढीची गोष्ट ज्यानं लिहून ठेवली त्याच एमरीनं तिथंच आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. रँचवरचं काम इंडियन, म्हणजे इथले मूळ रहिवासी, करतात आणि त्यांना कामाला लावतं ते महिना तीन डॉलर आणि वरचेवर पडणारे फटके. मेंढीची गोष्ट मला पाठ होती. ही मी आदल्या रात्री वाचूनही डोक्यात ठेवली नव्हती, कारण मी गाडीची गोष्ट शोधत होते. तीन डॉलर महिन्यानं गाडीचं भाडं जमवायला साडेपाच वर्षं लागली असती.

१८५१ मध्ये सॅन डिएगोच्या शेरिफनं या लोकांच्या गुराढोरांवर कर बसवला. मताचा अधिकार त्यांना नव्हता. कूपाचा पुढारी अंतोनियो गारा यानं आसपासच्या जमातींना एकत्र करायचा प्रयत्न केला. नोव्हेंबरात उठाव झाला, झऱ्यावर आलेले चार अमेरिकी मारले गेले, वॉर्नरचा रँच लुटला गेला, वॉर्नर कसाबसा निसटला. पुढचं सगळं दोन महिन्यांत आटोपलं. कूपा जाळलं गेलं. नाताळच्या दिवशी चार जणांना गोळ्या घातल्या. गाराला काविया पुढारी हुआन अंतोनियोनं पकडून दिलं आणि १० जानेवारी १८५२ ला सॅन डिएगोच्या जुन्या दफनभूमीत, खोदलेल्या कबरीच्या काठावर उभं करून मारलं. ती दफनभूमी आता शहरातल्या पर्यटकांच्या भागात आहे. पाहुणे आले की मी त्यांना तिथं नेते. अनेकदा नेलंय.

लोक मात्र कूपाला परत आले. त्यांनी पुन्हा घरं बांधली, पुन्हा मळे केले. बटरफील्डची गाडी सुरू झाली तेव्हा ते तिथंच होते. १८६१ च्या मार्चमध्ये, यादवी युद्धाच्या तोंडावर, टपालाचा मार्ग उत्तरेकडे हलवला आणि ही गाडी बंद पडली, तेव्हाही ते तिथंच होते. गाडी अडीच वर्षं धावली. म्हणजे या जागेच्या इतिहासात जे सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, ते इथं तीन उन्हाळेही टिकलं नाही.

गाव गेलं ते कोर्टाच्या निकालानं. कॅलिफोर्निया अमेरिकेकडे आल्यावर १८५१ मध्ये कायदा झाला. मेक्सिकोच्या काळातली जमीन आपली आहे असं म्हणणाऱ्या प्रत्येकानं दोन वर्षांच्या आत आयोगापुढे दावा दाखल करायचा. ज्यांचा दावा आला नाही त्यांची जमीन सरकारजमा. वॉर्नरनं दावा केला. कूपाच्या लोकांनी केला नाही. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते जिथं जन्मले तिथं राहण्यासाठी अर्ज करावा लागतो हे त्यांच्या डोक्यातही आलं नसणार. १८८० च्या सुमारास रँच माजी गव्हर्नर डाउनी यांच्याकडे गेला. पुढे त्यांच्या वारसानं, हार्वीनं, दावा चालवला. १३ मे १९०१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 'बार्कर विरुद्ध हार्वी' खटल्यात निकाल दिला की मुदतीत दावा न केल्यामुळे गावकऱ्यांचा हक्क बुडाला.

मी हे आण्णांना आपल्या भाषेत सांगितलं. सातबाऱ्यावर नाव लावायची मुदत होती, यांनी लावलं नाही. आण्णा खाली मान घालून ऐकत होते. त्यांचं आजोळ उजनीच्या पाण्यात गेलं. दुष्काळी वर्षी पाणी फार खाली गेलं की देवळाचं शिखर दिसतं, तेव्हा मामांच्या घरचे सगळे काठावर जाऊन उभे राहायचे. "मी तिकडच्या गाडीवर होतो," ते म्हणाले. "तिकीट जुन्या नावाचंच फाडायचो. गाव नव्या जागी, नाव जुनं. म्हाताऱ्या बाया विचारायच्या, ही आपल्या गावाला जाती का रे? मी म्हणायचो, जाती. काय सांगणार?"

निकालानंतर चार्ल्स लमिस या लेखक-पत्रकारानं वॉशिंग्टनला खटपट केली आणि १९०२ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, दुसरी जागा विकत घ्यायला एक लाख डॉलर मंजूर केले. त्यासाठी नेमलेल्या आयोगानं एकामागून एक रँच पाहिले. गावकऱ्यांना विचारलं, तुम्हाला कुठली जागा हवी? गावाचे कॅप्टन सेसिलियो ब्लॅकटूथ यांनी दिलेलं उत्तर नोंदलेलं आहे. त्यांनी मसणवटीकडे बोट केलं. तिथं आमचे बाप आणि आजे आहेत, दुसरी जागा आम्हाला नको, इथं राहता येत नसेल तर डोंगरात जाऊन मरू. आयोगानं पाला नावाची जागा घेतली, सुमारे ६५ किलोमीटरवर.

१२ मे १९०३ ला गाड्या आल्या. चाळीसहून जास्त गाड्यांत घरातलं सामान भरलं. लोक मसणवटीत गेले, रडले, आणि निघाले. रोसिंडा नोलास्केझ तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. तिनं म्हातारपणी सांगितलेली एक आठवण आहे. तिची पणजी डोंगराकडे पळाली, म्हणाली, मी इथंच राहणार, मेले तरी, कोल्ह्यांनी खाल्लं तरी. तिसऱ्या दिवशी गाड्या पालाला पोचल्या. तिथं घरं नव्हती, तंबू होते. नंतर सरकारनं न्यूयॉर्कहून जोडणीची पातळ लाकडी घरं मागवली. भेंड्याच्या घरांत राहणाऱ्यांना! त्यांची कूपातली मातीची घरं पुढे गरम पाण्याच्या रिसॉर्टमध्ये पाहुण्यांच्या खोल्या झाली.

त्या दिवशी आम्ही वॉर्नर स्प्रिंग्जपर्यंत वर गेलो. झरे आता खासगी आवारात आहेत. पोस्टाबाहेर चार-पाच तरुण मुलं-मुली जमिनीवर बसून खोकी फोडत होती. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत पायी जाणारी ती मोठी वाट इथून जाते, इथं येईतो त्यांचे पावणेदोनशे किलोमीटर होतात. ही मुलं निघण्याआधी स्वतःच्याच नावानं खाण्याचं खोकं इथल्या पोस्टात पाठवून ठेवतात. एकीच्या पायाच्या टाचा फोडांनी सोलवटल्या होत्या आणि ती उकिडवी बसून शेंगदाण्याचं लोणी बोटानं खात होती. आण्णांनी तिच्याकडे पाहिलं आणि गाडीतली संत्र्यांची पिशवी नेऊन तिच्यापुढे ठेवली. वाटसरूला अजून इथं टपाल मिळतं, पाणी मिळतं, हे मला मनापासून बरं वाटलं. वाटसरूंचं या खोऱ्यानं नेहमीच केलं.

पुढच्या रविवारी आण्णाच म्हणाले, ते नवं गाव बघू.

पालाला जाणारा रस्ता आधी त्या कुरणाच्या कडेनं जातो आणि मग हेनशॉ तलाव लागतो. १९२० च्या दशकात सॅन लुईस रे नदीवर बांध घातला आणि वॉर्नरच्या खोऱ्याचा एक भाग पाण्याखाली गेला. ते पाणी खाली एस्कोंडिडो आणि व्हिस्टा या गावांकडे जातं. रँचचा बहुतेक भाग आज व्हिस्टाच्या पाणीपुरवठा मंडळाच्या मालकीचा आहे, ते मातीचं घरसुद्धा. पाला याच नदीवर आहे, बांधाच्या खाली. म्हणजे ज्यांना वरून उठवून खाली आणून बसवलं, त्यांच्या दारातून जाणारं पाणी वरती अडलं. खालच्या पाच आदिवासी वसाहतींनी, त्यात पालाही, १९६९ मध्ये पाण्यासाठी दावा लावला. १९८८ मध्ये तडजोडीचा कायदा झाला, आणि तडजोड पुरती अमलात यायला २०१७ उजाडलं. आण्णांनी नदीचं पात्र पाहिलं. "वरच्यानं बांध घातला की खालच्यानं कोर्टात जायचं," एवढंच म्हणाले.

पालाला जुनं चर्च आहे, १८१६ चं. त्याचा घंटांचा मनोरा चर्चला जोडलेला नाही, वेगळा उभा आहे, दोन घंटा एकावर एक. शेजारी दफनभूमी, प्लॅस्टिकच्या फुलांनी आणि भिंगऱ्यांनी भरलेली. गावात कूपाच्या नावानं एक सांस्कृतिक केंद्र आहे. दरवर्षी मे महिन्यात 'कूपा डेज' होतात, त्या दिवसाच्या आठवणीसाठी. रोसिंडा नोलास्केझनं शेवटची काही वर्षं भाषा लिहून ठेवण्यात घालवली. १९८७ मध्ये ती वारली तेव्हा ही भाषा जन्मापासून बोलणारं शेवटचं माणूस गेलं. मुलांना शिकवायला तिनं नोंदवून ठेवलेले शब्द आहेत.

दुपारची वेळ होती, केंद्र बंद होतं. आण्णा चर्चच्या भिंतीच्या सावलीला बसले. तीही मातीचीच भिंत. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"इथनं तिकडं गाडी जाती का?"

"कुठं?"

"कूपाला."

मी फोनवर पाहिलं. थेट गाडी नव्हती. पालाहून निघणारी बस पश्चिमेला, शहराकडे जात होती.

"किती म्हणालीस अंतर? पासष्ट किलोमीटर?"

"हो."

त्यांनी बोटांवर हिशोब केला. "अकरा टप्पे," ते म्हणाले, आणि आपण आलो त्या रस्त्याकडे बघत बसले.